वाद्य कोणाचे?

वाजविण्यासाठी घडविलेली वस्तू न वाजविता जपून ठेवण्याचा अधिकार तिच्या मालकाला आहे काय? कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. पैसे मोजले, वस्तू त्याची झाली. पण नीतीचा प्रश्न तेथे संपत नाही. आणि जुनी मेंडोलिन, युकुलेले यांसारखी लहान तंतुवाद्ये जमविणाऱ्यांचा व्यवहार पाहिला म्हणजे तो अधिकच बोचू लागतो.

प्रथम संग्राहकाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. पियानो अडगळीत टाकायचा तरी चार माणसे लागतात. युकुलेले मात्र मुलाच्या हातून सहज माळ्यावर जाते आणि तेथेच तडकते. १८७९ साली 'रेव्हन्सक्रॅग' या जहाजातून मदेरा बेटावरील पोर्तुगीज लोक होनोलुलूस उतरले. त्यांतील मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो या लाकूडकाम करणाऱ्या तिघांनी आपल्या बेटावरच्या छोट्या वाद्यावरून हवाई बेटांत हे नवे वाद्य घडविले. त्यांच्या हातची जी वाद्ये आज शिल्लक आहेत, ती कोणीतरी वेळीच उचलून ठेवली म्हणूनच. मेंडोलिनचेही तसेच. त्याच्या आठ तारांचा ताण ५० किलोंच्याही वर जातो. नेपल्सकडील गोल पाठीच्या जुन्या मेंडोलिनची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, हलक्या तारांसाठी बेतलेली असते. एखादा हौशी मनुष्य तिच्यावर आजच्या जाड तारा चढवितो आणि बघता बघता ती खचते. तेव्हा नुसते 'वाजवा' म्हणणे म्हणजे वाद्यावर प्रेम करणे नव्हे.

मग खटकते ते कोठे? मला ते खटकते बाजाराच्या भाषेत. या व्यापारात 'वादकाचे वाद्य' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. कानाला तो गौरवाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, वाद्याचे मूळ रोगण गेले आहे, खुंट्या बदलल्या आहेत, एखादी चीर सांधली आहे, सबब किंमत कमी. ज्याला कोणी फारसा हात लावला नाही ते श्रेष्ठ, आणि जे जन्मभर वाजले ते दुय्यम! एखाद्या वस्तूने आपले काम इमानाने केले हाच तिचा दोष ठरावा, ही मूल्यांची उलथापालथच होय.

एका वाद्याचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील कॅलमाझू या गावी, गिब्सन कंपनीच्या कारखान्यात, लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात 'एफ-५' जातीची मेंडोलिन तयार झाली. वाद्य उत्कृष्ट होते. परंतु मेंडोलिनवृंदांची लाट ओसरली होती आणि गिऱ्हाईक नव्हते. लोअर कंपनी सोडून गेले. पुढे १९४० च्या दशकात बिल मन्रो या गायक-वादकाला फ्लॉरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात त्यांपैकी एक विकाऊ असलेले आढळले. आत लोअर यांची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख होती. मन्रो यांनी ते सुमारे दीडशे डॉलरला घेतले आणि त्यानंतर सुमारे पन्नास वर्षे अक्षरशः झिजविले. 'ब्लूग्रास' म्हणून ओळखले जाणारे संगीत त्यांनी मुख्यत्वे याच वाद्यावर उभे केले. लोअर १९४३ मध्येच वारले होते; आपल्या मेंडोलिनचे पुढे काय झाले, हे त्यांना कधीच कळले नाही.

संग्राहकाची कसोटी लावली तर हे वाद्य वाया गेलेले. दुरुस्ती मनासारखी झाली नाही म्हणून मन्रो यांनी रागाने त्यावरचे 'गिब्सन' हे नाव चाकूने कोरून काढले. (आधीचे 'द' एवढे अक्षर तेवढे वाचले!) १९८५ मध्ये त्यांच्या घरात कोणी शिरले आणि लोखंडी सळईने ते ठेचून गेले. गिब्सनच्या कारागिराने एकेक ढलपी जुळवून ते पुन्हा उभे केले, आणि मन्रो यांनी ते पुन्हा वाजविले. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. कोणी म्हणेल, हा मान वादकाचा आहे, लाकडाचा नव्हे. असेल. पण मग न वाजलेल्या लाकडाला एवढा मान कशाबद्दल?

लोअर यांच्या सहीचे एफ-५ आज लाख डॉलरच्या पुढे जाते. ज्या जपणुकीने ही वाद्ये वाचली, तिनेच ती तरुण वादकाच्या आवाक्याबाहेर नेली. संग्राहकाने आपला ठेवा फुंकून टाकावा असे मी म्हणणार नाही. पण तो मालक कमी आणि कारभारी अधिक आहे, आणि कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. व्हायोलिनच्या जगात यावर एक मार्ग रुळला आहे. जपानमधील निप्पॉन म्युझिक फाउंडेशन ही संस्था आपली स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिने वादकांना वापरण्यास देते. मालकी संस्थेकडे, नाद लोकांकडे. मेंडोलिनच्या धनिक संग्राहकांना हे का जमू नये?

आपल्या देशातही मेंडोलिन अनेक घरी आहे, विशेषतः गोव्यात. पावसाळ्यात त्याचा सरस सुटू नये याची काळजी घ्यावीच. पण ती घेऊन झाल्यावर ते कोठे ठेवावे, हा प्रश्न उरतोच. आंध्रातील पालकोल्लू येथे जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी (१९६९–२०१४) वयाच्या सहाव्या वर्षी वडिलांचे मेंडोलिन उचलले आणि पुढे, ज्या कर्नाटक संगीतात या वाद्याला जागाच नव्हती, तेथे ते विजेच्या मेंडोलिनवर मैफली करू लागले. त्या घरी ते वाद्य सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल असे ठेवलेले होते.