संचय, परिग्रह आणि गच्चीवरचे ऊन

ऊर्जेच्या अपव्ययाचा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा किंवा घरखर्चाचा समजला जातो. परंतु गच्चीवर सौर पॅनेल बसवून वीज निर्माण करणाऱ्या आणि उरलेली वीज बॅटरीत साठवू पाहणाऱ्या गृहस्थापुढे तो धर्मविचाराच्या रूपात उभा राहतो, कारण किती घ्यावे, किती साठवावे आणि उरलेले कोणाच्या स्वाधीन करावे, हे ठरवण्याचा अधिकार आता त्याच्याच हाती आलेला असतो. खानदेशात हा अधिकार पुष्कळ घरांच्या आवाक्यात येऊ लागला आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा सौरवीज ही सरकारी माळरानावरची गोष्ट होती. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान दिले आणि तीच गोष्ट जळगाव-धुळ्याच्या वसाहतींतील गच्च्यांवर आली.

प्रथम ‘वाया जाणे’ म्हणजे काय, हे ठरवले पाहिजे. गच्चीवर पडणारे आणि कोणी न वापरलेले ऊन वाया गेले, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. पण या म्हणण्यात सूर्य माणसासाठीच तळपतो हे गृहीत धरलेले असते. विनोबा भावे यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर जी प्रवचने दिली आणि जी साने गुरुजींनी टिपून घेतली, त्यांत पाचव्या अध्यायाच्या विवेचनात अकर्म, म्हणजे कर्तेपणाचा अभिमान गळून पडलेले कर्म, समजावताना सूर्याचेच उदाहरण आले आहे: प्रकाश देणे हा त्याचा उद्योग नसून स्वभाव आहे. जो देतो आहे हेच ज्याच्या गावी नाही, त्याचे दिलेले वाया गेले असे म्हणण्यात अर्थ नाही. अपव्यय सुरू होतो तो त्यानंतर, म्हणजे वाळूतून सिलिकॉन काढून, कोणाच्या तरी श्रमातून ते उन्हाखाली मांडून आणि खाणीतून लिथियम काढून जी वीज तयार केली आणि साठवली, ती निष्काळजीपणाने दवडली जाते तेव्हा. दवडले जाते ते ऊन नव्हे. त्यामागचे खनिज आणि कष्ट दवडले जातात.

हे मान्य केले की व्यवस्थापनाचा पहिला नियम बॅटरीचा नसून वेळेचा ठरतो. ३ किलोवॉटचा संच निरभ्र दिवशी साधारण १२ युनिट वीज देतो आणि त्यातील मोठा वाटा सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात येतो. पाण्याची मोटर, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, घरगुती पिठाची गिरणी ही कामे त्याच वेळात उरकली, तर तेवढी वीज साठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खानदेशच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे; त्याचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढला असता काळी काच सहज ६५ अंशांवर जात असल्याने, वैशाखातल्या भर दुपारी पॅनेलच्या क्षमतेचा सातवा-आठवा हिस्सा नुसत्या तापण्यात जातो. त्यावर धूळ बसली तर आणखी घट होते, आणि ती धुण्यासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी तापलेल्या काचेवर ओतले तर पांढरे डाग पडतात, प्रसंगी काच तडकतेही. म्हणून धुणे पहाटे, साध्या मऊ फडक्याने आणि शक्यतो गोड्या पाण्याने करावे लागते.

आता संचयाचा प्रश्न. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाचे धान्यसाठ्यावरून चार प्रकार केले आहेत: कणगीभर साठवणारा, रांजणभर साठवणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्याचे काहीच न ठेवणारा, यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. ज्या ग्रंथाला त्यातील समाजव्यवस्थेच्या निषेधार्थ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला अग्नी दिला गेला, त्याचा अधिकार येथे सांगण्याचे कारण नाही. वर्गीकरण मात्र नेमके आहे, कारण बॅटरीची क्षमता ठरवणारा तंत्रज्ञही ऊन नसताना घर किती दिवस चालावे, हाच प्रश्न प्रथम विचारतो. फरक एवढाच की कणगीतले धान्य कीड लागली नाही तर जवळपास तेवढेच राहते, तर वीज साठवताना आणि काढताना दोन्ही वेळा घटते: शिसे-आम्लाच्या बॅटरीत घातलेल्या १० युनिटांपैकी साधारण ८ आणि लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत सुमारे ९ परत मिळतात, आणि दर आवर्तनागणिक, म्हणजे प्रत्येक भरण्या-रिकामे होण्यागणिक, बॅटरीचे आयुष्यही झिजते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी तर आणखी लवकर संपते.

जैन परंपरेने या प्रश्नाला अधिक सूक्ष्म उत्तर दिले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूविषयीच्या मोहावरून, केले आहे. तेव्हा घरात बॅटरी असणे हा परिग्रह नव्हे. वापराचा हिशेब न करता, शेजाऱ्यापेक्षा मोठी हवी म्हणून घेतलेली बॅटरी हा परिग्रह होय. गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांत गरजेहून अधिक घेण्याला चोरीच म्हटले आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा, म्हणजे घेतलेले परत फिरवून सृष्टीचे रहाटगाडगे चालू ठेवण्याचा, विचार उरलेल्या विजेच्या बाबतीत विशेष उपयोगी पडतो, कारण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेल्या आणि घेतलेल्या युनिटांची वजावट करणाऱ्या मीटरच्या पद्धतीत, गच्चीवरची जास्तीची वीज प्रत्यक्षात त्याच रोहित्रावरच्या शेजारच्या घरातील कूलर चालवते आणि दूरवरून वीज आणताना तारांत होणारी तेवढी गळती टळते. याला दान म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल. महावितरणच्या बिलात त्याची नोंद होते, मोबदला मिळतो, आणि फलाशा तर पुरेपूर असते. तरीही मोबदला घेऊन का होईना, उरलेले फिरते राहते हे खरे. शिवाय वीजपुरवठा खंडित होताच बॅटरीविना जोडलेला संच ऊन असूनही बंद पडतो, तो तारेवर चढलेल्या वायरमनला उलट प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून; त्या वेळी न निघालेली वीज वाया गेली असे म्हणणाऱ्याने एका माणसाच्या जिवाचाही हिशेब मांडावा.

अपरिग्रहाचा अर्थ हात रिकामे ठेवणे असाही होत नाही. जेथे भारनियमन नित्याचे आहे, घरात प्राणवायूच्या यंत्रावरचा रुग्ण आहे, तेथे साठा हे कर्तव्यच आहे आणि तो दोन रात्रींचा असला तरी गैर नाही. इतर घरांचा हिशेब सोपा आहे: दोन पंखे, एक कूलर, फ्रीज आणि दिवे यांना जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात रात्रभर साडेतीन ते चार युनिट लागतात, वापरता येणारी क्षमता एवढी असलेली बॅटरी त्यांना पुरते, आणि त्याहून मोठ्या बॅटरीचे समर्थन ना अर्थशास्त्रात सापडते, ना धर्मशास्त्रात.