स्मृतिलोप आणि आत्मसिद्धी

परंपरागत अध्ययनात न्यायशास्त्राचा आरंभ बहुधा ज्या ग्रंथाने होतो, त्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात केवळ संस्कारापासून उपजणाऱ्या ज्ञानाला स्मृती म्हटले आहे. संस्कार म्हणजे अनुभवाचा मागे राहिलेला ठसा, आणि नैयायिकांच्या मते त्याचा आश्रय शरीर नसून आत्मा होय. पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा असे संभवत नाही, म्हणून स्मृती ही स्थिर आत्म्याची साधक खूण मानली गेली.

या मतापुढे मज्जाविज्ञानाने एक कठीण प्रसंग उभा केला आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे 1953 मध्ये विल्यम स्कोव्हिल यांनी अपस्मारावरील उपाय म्हणून हेन्री मोलायसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर असलेला भाग, बराचसा काढून टाकला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. तरीही ब्रेंडा मिल्नर यांच्या चाचणीत आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे त्यांचे कौशल्य दिवसागणिक सुधारत गेले, जरी आपण ती पूर्वी गिरवली होती हे त्यांना आठवत नसे. उलट कंपवातात, जिथे बेसल गँग्लिया या खोलवरच्या केंद्रसमूहाचे कार्य बिघडते, घटना आठवत असूनही सवयीने होणारे शिक्षण मंदावू शकते.

यावरून आत्म्याचा निषेध होतो काय? न्यायाच्याच नियमाने पाहिले तर होत नाही. धूर असेल तेथे अग्नी असतो. पण तापलेल्या लोखंडी गोळ्यात धुरावाचूनही अग्नी असतो, म्हणून हेतूच्या, म्हणजे साधक खुणेच्या, अभावाने साध्याचा, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याचा, अभाव ठरत नाही. स्मृती हा आत्म्याचा हेतू असला, तरी तिच्या लोपाने आत्म्याचा लोप सिद्ध होत नाही.

अडचण आहे ती संस्काराच्या आश्रयाबाबत. मेंदू हे केवळ करण, म्हणजे साधन आहे, आणि ते बिघडल्याने आत्म्यातील संस्कार जागे होत नाहीत, असे उत्तर देता येते. परंतु मोलायसन यांच्या बाबतीत जुन्या आठवणी बऱ्याच अंशी टिकल्या आणि नव्याच रुजल्या नाहीत, म्हणजे बिघाड जागृतीपेक्षा उत्पत्तीतच अधिक होता. शिवाय संस्कारांचे प्रकार मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतील, तर एका निरवयव आत्म्यात ते सारे सारखेच राहतात असे म्हणणाऱ्याला या भेदाचे कारण द्यावे लागेल, आणि ते न देता साधनाकडे बोट दाखवणे हे उत्तर नव्हे.