बंदिवानाच्या जखमा कोण धुणार?

वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:२२–३४, यिर्मया ३८:१–१३



पौल व सीला ह्यांच्या फिलिप्पै येथील बंदिवासाची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फटक्यांनी सोललेल्या पाठी, खोड्यात अडकविलेले पाय, मध्यरात्रीचे गायन, भूमिकंप, आपोआप उघडलेली दारे, हे सारे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांसही तोंडपाठ आहे. परंतु तेहतिसाव्या वचनातील एका लहानशा गोष्टीपाशी आपण क्वचितच थांबतो. बंदिशाळेच्या नायकाने उजाडण्याची वाट न पाहता त्या दोघांच्या जखमा धुतल्या. आणि त्यानंतर त्याचा बाप्तिस्मा झाला.

विचार करा. संध्याकाळी ह्याच मनुष्याने त्यांस आतल्या कोठडीत घातले होते. जखमा तेव्हाही वाहत होत्या व त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. पण त्यास हुकूम होता तो पहारा करण्याचा. जखमा पाहण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. ख्रिस्त अंतःकरणात येताच पहिला पालट हा झाला की, जे दोन कैदी होते ते त्यास दोन दुखणाईत माणसे दिसू लागली.

यिर्मया संदेष्ट्याची हकीकतही अशीच आहे. त्यास चिखलाच्या हौदात टाकले असता एबद-मलेख नावाच्या परदेशी सेवकाने राजाकडे जाऊन रदबदली केली. बाहेर काढण्याची परवानगी मिळताच त्याने दोराबरोबर जुनी चिरगुटेही खाली सोडली, आणि दोराने सोलून निघू नये म्हणून ती काखेत धरण्यास संदेष्ट्यास सांगितले. राजे, सरदार व सैन्ये ह्यांच्या त्या धामधुमीत शास्त्राने ह्या चिंध्यांचीही नोंद केली आहे. बंदिवानाच्या अंगावरील कातडे देवाच्या दृष्टीने किरकोळ नाही.

आपल्या खानदेशात तुरुंगाचे नाव घेताच पुष्कळांस धुळ्याचा तुरुंग आठवतो. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ पर्यंत दर रविवारी विनोबांनी आपल्या सोबतीच्या कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली, व अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांचा विषय आपल्या विश्वासाहून भिन्न होता. तथापि तुरुंगाच्या भिंतीआड आत्मे राहतात, ही गोष्ट त्या रविवारांनी सर्व महाराष्ट्रास शिकविली. भिंतीआड शरीरेही राहतात, ही गोष्ट मात्र आपण अजून पुरती शिकलो नाही.

त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात परचुरेशास्त्री नावाचे एक विद्वान कैदी होते. त्यांस कुष्ठरोग झाल्यामुळे इतरांपासून वेगळे ठेविले होते. गांधीजीही त्याच तुरुंगात होते; परंतु भेटीची मोकळीक नसल्यामुळे ते त्यांस पत्रे लिहीत. पुढे शास्त्रीबुवा सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांस आश्रमात ठेवून घेतले व आपल्या हातांनी त्यांच्या जखमांची शुश्रूषा केली. ज्याने हे केले तो बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या आपणांस ह्याची लाज वाटली तर ती लाज हितकारक होईल.

तुरुंग व साथीचा रोग ह्यांची संगत जुनी आहे. पूर्वी इंग्लंडात ‘तुरुंगाचा ज्वर’ म्हणून एक ज्वर होता. तो अंगावरील उवांनी पसरतो, हा शोध १९०९ साली लागला. पण त्यापूर्वी शेकडो वर्षे दाटीत कोंबलेली, अंघोळीवाचून राहिलेली माणसे त्याने मरत होती. १७५० साली लंडनच्या न्यायालयात कैद्यांबरोबर तो ज्वर शिरला आणि लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व इतर पुष्कळ लोक दगावले. न्यायासनाची उंची त्यास आडवी आली नाही. १७७३ साली बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ नेमलेला जॉन हॉवर्ड हा भाविक ख्रिस्ती गृहस्थ स्वतः कोठडीकोठडीतून हिंडला. त्याच्या साक्षीनंतर १७७४ साली पार्लमेंटाने कायदा केला, त्यात कोठड्यांस चुना देणे, वारा खेळता ठेवणे, आजाऱ्यांस वेगळी खोली व वैद्य देणे अशा गोष्टी होत्या. रोग्यांस भेटी देत असता लागलेल्या ज्वरानेच १७९० साली खेर्सोन येथे त्याचा अंत झाला.

आज त्या ज्वराच्या जागी मुख्यतः क्षयरोग आहे. त्याचे जंतू खोकल्यावाटे हवेत जातात. बंद खोली, थोडा प्रकाश, पुष्कळ माणसे व अशक्त शरीर एवढे मिळाले म्हणजे त्यांस आणखी काही नको. बाहेरच्या लोकांपेक्षा कैद्यांस हा रोग होण्याचा धोका सुमारे दहापट आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. आणि हे कैदी कोण? २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे भारतातील दर चार कैद्यांत सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. योसेफही असाच निरपराध आत होता, आणि बाहेर सुटलेला प्यालेबरदार त्यास विसरून गेला होता.

कोणी म्हणेल, ज्याने केले त्याने भोगावे. बंधूंनो, शिक्षा देणे हा न्यायालयाचा अधिकार आहे. परंतु कोणत्याही न्यायाधीशाने आजवर कोणास क्षयाची शिक्षा दिलेली नाही. १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यानेही प्रत्येक तुरुंगात रोग्यांसाठी रुग्णालय अथवा योग्य जागा असावी, असे ठरविले होते. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांची दुखणी मोजली, त्यांत दाटी व आरोग्याची हेळसांड ही दोन्ही होती. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या नियमांत, समाजातील इतरांस मिळते तशीच वैद्यकीय मदत कैद्यासही मिळावी, असे म्हटले आहे. त्या नियमांस नेल्सन मंडेला ह्यांचे नाव दिले आहे. त्यांसही १९८८ साली बंदिवासातच क्षय जडला होता व योग्य उपचाराने ते बरे झाले.

शिवाय भिंत माणसास अडविते, हवेस अडवीत नाही. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात करोनाची साथ शिरली, तेव्हा शंभराहून अधिक कैदी व कर्मचारी बाधित झाले. पहारेकरी रोज घरी जातात, कैदी न्यायालयात जातो, आणि एके दिवशी सुटून आपल्याच गावी येतो.

ह्या शेवटल्या वाक्यापाशी मला माझा अपराध कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका खेड्यातील मंडळीचा एक तरुण बांधाच्या भांडणात धरला गेला व कित्येक महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. तेथे त्यास खोकला लागला, थुंकी तपासली गेली, क्षय ठरला व गोळ्या सुरू झाल्या. मग जामीन झाला. तो काही दिवस पुरतील एवढ्या गोळ्या घेऊन घरी आला. घरच्यांनी त्याची खाट गोठ्यात टाकली. उपासनेत त्याच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी राहू लागली. प्रभुभोजनाच्या दिवशी प्याला फिरत त्याच्यापाशी येऊ लागला, तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. तो आपण होऊन उठला व बाहेर गेला. मी ते पाहिले आणि प्याला पुढे दिला.

त्याच्यासाठी मी प्रार्थना केली. पण गोळ्या संपल्यावर पुढच्या कोठून आणतोस, हे विचारले नाही. पुढे कळले की, गावात बोभाटा नको म्हणून तो सरकारी दवाखान्यात गेलाच नव्हता. रोग दुप्पट जोराने उलटला. एका भगिनीने, जिला लिहितावाचता येत नाही, त्यास हातास धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. फिरून तपासणी झाली, उपचार अधिक दिवस चालला, आणि देवाच्या कृपेने तो वाचला. पण त्याच्याजवळ गोठ्यात येऊन बसणाऱ्या त्याच्या लहान बहिणीसही औषध घ्यावे लागले. त्या भगिनीने जखमा धुतल्या. मी संध्याकाळचा पहारेकरीच राहिलो.

म्हणून मंडळ्यांनो, हे ध्यानात धरा. तुमच्यापैकी कोणी तुरुंगात गेला, तर त्याचे आधीचे आजार व चालू औषधे ह्यांचे कागद तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यास पोहोचवा. मुलाकातीस जाल तेव्हा केवळ खटल्याचे विचारू नका. खोकला, ताप, भूक, वजन ह्यांचेही विचारा. वकील करण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट साहाय्य मिळते, ते मागा. तो सुटून येईल त्या दिवशी उपचाराचा कागद मागून घ्या व लगोलग त्यास आरोग्य केंद्रात न्या. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडल्यास रोग औषधास दाद देईनासा होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, आणि पोषणासाठी महिन्याचे ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. घरातील सर्वांची, विशेषतः मुलांची, तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या कोणासही, तो तुरुंगात गेलेला असो वा नसो, हेच सांगा.

आणि त्यास गोठ्यात टाकू नका. खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर फडके धरण्यास शिकवा, डॉक्टर सांगतील तितके दिवस जपा. क्षय हवेतून पसरतो. हात हातात घेतल्याने किंवा त्याच्या भांड्याने पसरत नाही. मग प्रभूच्या प्याल्याचे भय कशाला?

आपल्या प्रभूने आजाऱ्यास व बंदिवानास एकाच दमात आपले म्हटले आहे (मत्तय २५:३६). जो आजारीही आहे व बंदिवानही आहे, त्याच्या ठायी तो प्रभू आपणांस दोनदा भेटतो. त्या दिवशी आम्ही तुला कधी पाहिले, असे विचारण्याची पाळी आपणांवर न येवो.

हे दयाळू पित्या, भिंतीआड खोकणाऱ्या तुझ्या लेकरांस आठव. वैद्यांस व पहारेकऱ्यांस कोमल अंतःकरण दे. आणि उजाडण्याची वाट न पाहता पाण्याचे भांडे उचलण्याचे धैर्य आम्हांस दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.