देवाचा डोंगर आणि शाळेचा पैसा

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंडांचा ठाकूरदेव इथला. दर जानेवारीत आसपासच्या गावांतली माणसे त्याच्या जत्रेला येतात. याच डोंगरात लोहखनिज आहे. खाणीचा पट्टा 2007 साली दिला गेला, आणि आज खनिजाने भरलेले ट्रक एकामागोमाग एक खाली उतरतात.

खनिज निघाले की सरकारला स्वामित्वधन मिळते. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर त्याआधीच्या पट्टेदारांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के इतकी रक्कम वेगळी काढून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. खाणबाधित गावांसाठी असलेल्या या निधीत शिक्षणाला अग्रक्रम आहे. थोडक्यात, देवाचा डोंगर फुटणार आणि त्याच्या पैशातून वर्गखोल्या बांधता येणार. याला धर्म म्हणायचे का?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची आशा न धरता, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. पण तिन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दिलेली वस्तू देणाऱ्याची असते. सुरजागडच्या पैशाचे घोडे नेमके इथेच अडते. मग तो हिशेब दानाच्या खात्यात न मांडता ऋणाच्या खात्यात मांडावा लागतो. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत माणसांचे चौथे ऋण जोडले. हे ग्रंथ माडियांचे नव्हेत, हे खरे. पण ऋणको आपल्याच पोथीने तपासला जाणार असेल, तर त्याला तक्रार करायला जागा उरत नाही. आणि धनकोचेच घर मोडून आलेल्या पैशाने त्याचे कर्ज फिटले, असे कोणतीही पोथी म्हणणार नाही.

ओडिशातल्या नियमगिरीच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयापुढे आला. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डोंगरिया कोंधांच्या नियमराजा या देवाचे काय करायचे ते ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

पैशाचा उगम विचारण्याची सवय महाराष्ट्राला जुनी आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच विचारले होते: महसूल रयतेच्या श्रमातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो? त्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर पुढे राज्यघटनेत आले. अनुच्छेद 275(1) नुसार अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठीचे अनुदान भारताच्या संचित निधीवर भारित आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने योजनेतला 9 टक्के वाटा आदिवासी विकासासाठी राखला. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या आदिवासींचे प्रमाण 9.35 टक्के होते, म्हणजे हा वाटा लोकसंख्येला धरूनच आहे. त्यात कुणाच्या औदार्याचा संबंध नाही.

खाणीच्या पैशाचे तसे नाही. खनिज आज ना उद्या संपते आणि त्यावर चालणारा निधीही आटतो. पहिलीत येणारी मुले मात्र दरवर्षी येतच राहतात. उलट बांबू तोडला तरी पुन्हा फुटतो. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि 2011 पासून गाव आपला बांबू स्वतः विकते. पैसा कशावर खर्च करायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवते.

पण ग्रामसभेने शाळाच काढायची ठरवली तर? धानोरा तालुक्यातल्या मोहगावात 2019 साली ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा उघडली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल. शिक्षण विभागाने तिला शिक्षणहक्क कायद्याखाली अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस काढली. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. मुलांना शाळेत आणण्यासाठी केलेला कायदाच त्यांच्या भाषेतली शाळा बंद करण्यासाठी पुढे केला गेला. वास्तविक प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे अनुच्छेद 350-अ सांगतो. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून अधिक होते. आठव्या अनुसूचीत मात्र गोंडीला अजून जागा नाही. मोहगावच्या गावकऱ्यांनी सरकारकडे देणगी मागितलेली नव्हती. त्यांनी मागितली होती मान्यता, आणि तिला सरकारी तिजोरीतून फारसे काही लागत नाही.