उषस्तीचा बायपास

पिकअपवाल्यांचा माझ्या दुकानात एक ठरलेला हट्ट असतो: "काका, सगळ्यात बारीक गाळणारा फिल्टर द्या." नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज उतरून रात्रीत वाशी गाठायची, सकाळी रिकामी गाडी घेऊन परत. पोट त्या इंजिनावर आहे, तेव्हा ऑइलमध्ये कणभरही घाण नको असं वाटणारच. मी खोका पुढे करण्याआधी त्यांना काउंटरवरचा कापलेला फिल्टर दाखवतो. वाईसमध्ये धरून मीच तो हॅक्सॉने उभा चिरलाय.

पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला कागद, मधोमध भोकांची नळी, आट्यांच्या तोंडाशी रबराची चकती (गाडी बंद असताना ऑइल उतरून जाऊ नये म्हणून), आणि बुडाशी स्प्रिंगवर बसलेली एक छोटी टोपी. लोकांची नजर कागदावर जाते. मी बोट टोपीवर ठेवतो. हा बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला, किंवा थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट असलं, की कागदाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात फरक पडतो. तो साधारण एक बारच्या आसपास गेला की स्प्रिंग दबते आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जातं. घाण ऑइल, आणि तेही मुद्दाम. घाण ऑइलने इंजिन झिजतं, पण चालत राहतं. ऑइलच पोचलं नाही तर घाटातल्या चढावर काही मिनिटांत सीझ.

काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये असतो, काहींत ब्लॉकवर. आटे जुळले, रबर रिंग बसली, म्हणजे फिल्टर त्या गाडीचा झाला असं नव्हे. म्हणून कागद किती मायक्रॉनचे कण धरतो ते मी नंतर बघतो. हा फिल्टर नेमक्या कोणत्या इंजिनासाठी आहे आणि त्याचा व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, ते आधी. शिवाय डिझेलची काजळी मुख्यतः एका मायक्रॉनहून बारीक. नेहमीचा कागद वीस-तीस मायक्रॉनचे कण धरतो, काजळी त्यातून सरळ निघून जाते. तिला गोळा होऊ न देता तरंगत ठेवायचं काम ऑइलमधली रसायनं करतात, म्हणून डिझेल गाडीचं नवं ऑइल लवकर काळं पडतं. आणखी एक विचित्र गोष्ट: कोऱ्या कागदापेक्षा थोडा कचरा साचलेला कागद बारीक गाळतो. तो जसजसा जास्त शुद्ध करू लागतो, तसतशी ऑइलची वाट अरुंद होते.

शुद्धतेच्या हट्टाची ही गोष्ट मला दुकानात बसून कळली, पण तिचा त्रास होतो तो घरामुळे. वडील भिक्षुकी करायचे. आमच्या आजीच्या सोवळ्यात व्हॉल्व्ह नव्हता. तापाने फणफणलेली असतानाही तिने शेजारणीच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिचा निग्रह मोठा होता असं घरात अजून कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. आजीने निदान स्वतःचंच पाणी तोडलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्यायले, तेव्हा गावातल्या सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. त्या गाळणीने घाण कुठली धरली होती? माणसंच अडवली होती. असा फिल्टर बदलायचा नसतो, काढून फेकायचा असतो.

पण सगळीच शुद्धी अशी नाही, आणि इथेच मला छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण आठवतो. कुरुदेशात पीक बुडालेलं. बायको आटिकी हिला घेऊन तो एका हत्तीवाल्याच्या गावी दिवस काढतोय. हत्तीवाला कुळीथ खात बसलेला. उषस्ती त्यातलेच मागतो, तो देतो. मग हत्तीवाला पाणीही पुढे करतो. उषस्ती म्हणतो, नको, ते उष्टं आहे. मग कुळीथ उष्टे नव्हते? हत्तीवाला विचारतो. ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, उषस्ती सांगतो. पाणी मला हवं तिथे मिळेल. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ही गोष्ट हाताशी धरून ठरवलंय की वाटेल ते अन्न चालेल, पण जीवावर बेतलं असेल तरच.

विश्वामित्राने दुष्काळात चांडाळाच्या घरातलं कुत्र्याचं मांस उचललं, ती महाभारतातली कथा जास्त प्रसिद्ध आहे. मला उषस्ती मोठा वाटतो, कारण त्याचा व्हॉल्व्ह उघडला तसा लगेच मिटलाही. अवघड काम ते आहे. ऑइल प्रेशरचा लाल दिवा आपल्या पिकअपला असतो. बायपास उघडा आहे हे सांगणारा दिवा नसतो. कागद महिनोन् महिने तुंबलेला, ऑइल बिनगाळलेलं फिरतंय, आणि ड्रायव्हरला सगळं ठीक दिसतंय. एकदा अडचणीत दिलेली लाच, एकदा नाइलाजाने बोललेलं खोटं यांचंही असंच होतं. अडचण सरते, स्प्रिंग दबलेलीच राहते.

उषस्तीच्या गोष्टीत मला एक जागा खुपते. उरलेले कुळीथ तो बायकोला नेऊन देतो. तिला तोवर भिक्षा मिळालेली असते, ती ते ठेवून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणतो, थोडं काही पोटात गेलं तर राजाच्या यज्ञाला जाऊन धन मिळवता येईल, आणि तेच शिळे, उष्टे कुळीथ खाऊन निघतो. आदल्या दिवशी जीवाचा प्रश्न होता. आज कमाईचा. मग हे कसं चाललं?

शेजारच्या गॅरेजातल्या मेस्त्रीला हे सांगितलं. हात पुसत तो म्हणाला, "काका, कालचा फिल्टर चोक होता. आज सकाळचं ते थंड इंजिन. गरम होईपर्यंत बायपास उघडणारच."

"आणि गरम झाल्यावर मिटला हे कशावरून?"

त्याने यज्ञात पुढे काय झालं ते विचारलं. मी सांगितलं: राजाला यज्ञातली पुरोहितांची सगळी कामं उषस्तीकडेच द्यायची होती, तो म्हणाला, आधीच्यांनाही राहू दे, आणि त्यांना जेवढं धन देशील तेवढंच मला दे.

"जास्त नाही ना मागितलं?" मेस्त्री म्हणाला. "मग मिटला."