रथ, चाके आणि नाव

नाट्यपदे आणि भजने यांवर पोसलेल्या आपल्या कानांना रॉक संगीत तसे दूरचेच. तरीही मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या तरुणांच्या वाद्यवृंदाची हकीकत एका जुन्या प्रश्नासाठी विचारात घेण्याजोगी आहे. १९८४ मध्ये हा वृंद उभा राहिला. परदेशी गाणी वाजवून टाळ्या मिळविण्याचा तो काळ. यांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९९३ मध्ये त्यांनी आपण होऊन जुने नाव टाकले व ‘इंडस क्रीड’ हे धारण केले. १९९७ मध्ये सारे विखुरले. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बलापोरिया पुन्हा एकत्र आले. ड्रम व बेस गिटार मात्र नव्या हातांत गेली.

मग वृंद म्हणजे नेमके काय? नाव म्हणावे, तर ते बदलूनही वृंद तोच राहिला. माणसे म्हणावी, तर काही बदलूनही ओळख टिकली. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला हेच पटवितो : चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, रथ हे व्यवहारापुरते नाव. युक्तिवाद निर्दोष आहे. पण येथे तो अपुरा पडतो, असे मला वाटते. काढून ठेवलेल्या चाकाला काही वाटत नाही. मागे राहिलेल्या माणसाला वाटते, कारण त्याने बसविलेली चाल आता दुसरा कोणी वाजवीत असतो. जुने नाव घेणाऱ्याकडे कीर्तीबरोबर हे ऋणही येते.

‘घाशीराम कोतवाल’च्या बाबतीत उलट घडले. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले आणि १९ प्रयोगांनंतर थांबविले. तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापिली व नाटक पुढे तेथेच नांदले. नाव संस्थेकडे राहिले, प्राण मंडळींबरोबर गेला. कागदोपत्री कोणाचे काय, हे ठरविता येते. सरकारी नोकरीत आम्ही तेवढेच करीत आलो.

११ ऑक्टोबर २०१६ रोजी आपल्याच जिल्ह्याचे चार झाले. फाइली वाटता आल्या, खुर्च्याही मोजता आल्या. आदिलाबाद हे नाव आपल्या वाट्याला आले. पण निर्मळच्या मराठी घरातील एखादा वृद्ध आजही ‘आम्ही आदिलाबाद जिल्ह्याचे’ म्हणाला, तर त्याला दुरुस्त करण्याचा अधिकार आपणांस कोणत्या राजपत्राने दिला आहे?