नीयत आणि हिशेब

२०२० ची रमजान ईद नुकतीच होऊन गेली होती. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांची मय्यत रुग्णालयातून थेट कब्रस्तानात आली. गुसल झाले नव्हते. खांदा द्यायला मोहल्ला नव्हता; प्लॅस्टिकचे पोशाख घातलेली चार तरुण मुले होती. जनाज्याची नमाज आम्ही दूर दूर उभे राहून पढलो. परतताना मरहूमचा मुलगा म्हणाला, "चाचा, साहेब म्हणाले हा कायदा आहे. असेल. पण ठरवताना आपल्याला कुणी विचारलं होतं का?"

मी तीस वर्षे नगरपरिषदेच्या लेखा विभागात काढली. माझ्याकडे उत्तर असायला हवे होते. नव्हते. आज ते शोधण्याचा प्रयत्न करतो आहे.

ज्या कायद्याचे नाव साहेबांनी घेतले तो ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग आला आणि इंग्रज सरकारने घाईघाईने तो केला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा त्यात आहे. चौथे कलम सांगते की, सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कुणावर दावा चालणार नाही. सद्हेतू म्हणजे आपल्या भाषेत नीयत. कायद्याने अंमलदाराच्या नीयतीवर विश्वास ठेवला. ज्याच्या घरात तो शिरणार होता त्या माणसाला मात्र काही विचारण्याची तरतूद केली नाही.

याचा परिणाम आपल्याच लोकांनी भोगला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात झडतीपथक एका जुलाहा घरातली आजारी मुलगी इस्पितळात न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, दगड आले, गोळ्या सुटल्या, माणसे मेली. विणकर अडाणी होते म्हणून हे झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण पडद्यातली लेक परक्यांच्या हाती देताना ती परत येईल की नाही हे सांगायला त्या बापापाशी कुणी बसले होते का? रोग खरा होता आणि त्या बापाची भीतीही खरी होती.

सव्वाशे वर्षांनी तीच गाठ पुन्हा पडली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने आदेश काढला की, कोरोनाने मरण पावलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच होईल. ओरड झाली आणि त्याच दिवशी तो बदलावा लागला. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांतील दफनाविरुद्ध काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. दफनाने संसर्ग पसरतो असा शास्त्रीय पुरावा नाही आणि सन्मानाने दफन होणे हा घटनेच्या २१ व्या कलमातला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. आदेश काढणाऱ्याची नीयत वाईट होती असे मी म्हणणार नाही. बहुधा तो घाबरला होता. पण एखाद्या इमामाला, एखाद्या पाद्र्याला, साथरोगाच्या एखाद्या जाणकाराला फोन करायला किती वेळ लागला असता?

आता दुसरी बाजू, कारण ती मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे. लहान नगरपरिषदेची तिजोरी म्हणजे काय असते? जकात १९९९ मध्येच गेली. उरली घरपट्टी, पाणीपट्टी आणि सरकारी अनुदानाची वाट पाहणे. टाळेबंदीत वसुली थांबली आणि खर्च वाढला. ऑक्सिजन संपत असताना निविदा मागवून एकवीस दिवस थांबा, असे कोण म्हणेल? जीव वाचवणे हे फर्ज आहे. त्यासाठी अधिकाऱ्याला सभेची मंजुरी नंतर घेण्याची मोकळीक हवीच. ती नाकारणारा माणूस प्रामाणिक असेल, पण शहाणा नव्हे.

प्रश्न नंतरचा आहे. मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मुंबई महापालिकेच्या कारभारावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. कोविडवरच्या सुमारे ३,५०० कोटी रुपयांच्या खर्चाची कागदपत्रे महापालिकेने तपासायला दिली नव्हती. आधार घेतला होता महामारीच्या कायद्याचा. म्हणजे जी ढाल रात्रीबेरात्री निर्णय घेणाऱ्या माणसासाठी होती ती हिशेबाच्या वहीवर ठेवली गेली. माझ्या मते चूक इथे आहे. नीयत ही बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट. हिशेब ही माणसामाणसांतली. पहिलीचा दाखला देऊन दुसरीतून सुटका मिळत नाही.

हजरत उमर यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. हिजरी १८ च्या सुमारास ते शामकडे निघाले असताना सर्घ इथे त्यांना ताऊनची खबर मिळाली. ते खलीफा होते, हुकूम देऊन मोकळे झाले असते. त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावले, मग अन्सारांना, मग कुरैशच्या जुन्या जाणत्यांना. मते फुटली. परतायचे ठरले तेव्हा हजरत अबू उबैदा यांनी तोंडावर हरकत घेतली आणि उमर यांनी त्यांना उत्तर दिले. साथ दारात होती, तरी मशवऱ्याला वेळ मिळाला. संकटात विचारायला सवड नसते, ही सबब त्या प्रसंगासमोर टिकत नाही.

आणि हा आरसा आपण स्वतःपुढेही धरू या. त्या दोन वर्षांत आपल्या जमातींनी सिलिंडर आणले, रेशन वाटले, कबरी खोदल्या, दुसऱ्या धर्मातल्या बेवारस मृतांचे अंत्यविधीही केले. अभिमान वाटावा असे ते काम. पण जकात आणि सदक्याचे किती आले, कुठे गेले, हे किती मशिदींच्या फलकावर लागले? आमच्या कमिटीत मी ते विचारले तेव्हा उत्तर आले, "नीयतवर शक घेता का?" चौथे कलम आपल्या मनातही लिहिलेले आहे.

त्या मुलाला मी आता सांगेन : बेटा, त्या दिवशी विचारले नाही, ती चूक होती. निदान आता विचारणे हा तुझा हक्क आहे, आणि उत्तर देणे हे त्यांच्याकडची अमानत परत करणे आहे. संकटात प्रश्न लांबणीवर टाकता येतो, रद्द करता येत नाही. आपल्या दाराशी कुणी वही मागायला आले, तर तीही उघडी असू दे.